गप्प राहिलेले फोटॉन

245 फेऱ्या, त्यांतल्या 196 जिंकलेल्या. बरोबर 80 टक्के. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात 2015 साली दूरदूरच्या दोन इलेक्ट्रॉनांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल एवढ्या दोन आकड्यांत मावतो. जग आइनस्टाइनला हवं तसं असतं, म्हणजे कणांची उत्तरं आधीच ठरलेली असती आणि दूरच्या कणाची खबर त्यांना लागत नसती, तर सरासरीने 184 फेऱ्यांपलीकडे मजल गेली नसती. म्हणजे सगळं भांडण बारा फेऱ्यांचं. त्या बारा निव्वळ नशिबाने जास्त मिळाल्या असण्याची शक्यता प्रयोग करणाऱ्यांनीच काढून छापली आहे: 0.039, म्हणजे शंभरात जेमतेम चार. कणभौतिकीवाले पस्तीस लाखांत एक वगैरे भरवसा मिळाल्याशिवाय 'शोध' हा शब्द तोंडातून काढत नाहीत. त्यांच्या हिशेबाने हा पुरावा अगदीच हडकुळा.

तरीही क्वांटम भौतिकीतला माझा सगळ्यात लाडका प्रयोग कुठला, असं कुणी विचारलं तर मी याचंच नाव घेते. 1998 साली इन्सब्रुकमध्ये ग्रेगोर वाइस आणि मंडळींनी केलेला प्रयोग आकड्यांच्या बाबतीत याच्यापुढे राजेशाही होता. दोन टोकांमध्ये 400 मीटर अंतर, अवघ्या दहा सेकंदांत फोटॉनांच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, हजारो जोड्या, आणि निकाल आइनस्टाइनच्या जगाच्या मर्यादेपलीकडे इतका की नशिबाचं नाव काढायची सोय नाही. फक्त एक गोष्ट होती. निघालेल्या दर शंभर फोटॉनांपैकी मोजले गेले ते जेमतेम पाच. उरलेले पंचाण्णव कुठे गेले, काय म्हणाले असते, याची नोंद नाही. डेल्फ्टमध्ये मात्र सुरू झालेली एकही फेरी निकालाबाहेर ठेवलेली नाही.

अशा न मोजलेल्या फोटॉनांचं काय, या प्रश्नाने जवळजवळ पंचेचाळीस वर्षं चांगल्या चांगल्या माणसांना सतावलं. एम.एस्सी.ला असताना आमच्या सरांनी तो एका वाक्यात उरकला होता. "पळवाट आहे, पण परीक्षेला येत नाही." वर्ग हसला, सर पुढच्या सिद्धतेकडे वळले. मला मात्र ती पळवाट मूळ सिद्धतेपेक्षा जास्त आवडली, आणि तेव्हापासून तिच्याबद्दल हाती लागेल ते वाचत आले आहे.

मूळ प्रकरण थोडक्यात सांगते. 1935 साली आइनस्टाइन, पोडॉल्स्की आणि रोझेन यांनी तक्रार केली की पुंजभौतिकी, म्हणजे क्वांटम भौतिकी, अपुरी आहे. एकमेकांत गुंतलेल्या दोन कणांपैकी एकावर मापन केलं की दूरच्या दुसऱ्याबद्दल लगेच खात्रीने बोलता येतं. मग ते उत्तर त्या दुसऱ्या कणाकडे आधीपासूनच असलं पाहिजे, आपल्या सिद्धांतात त्याची नोंद नाही इतकंच. एकोणतीस वर्षांनी, 1964 साली, जॉन बेलने दाखवलं की हा वाद तत्त्वज्ञानाचा नाही, मोजून निकाली काढता येण्यासारखा आहे. बेल मूळचा बेलफास्टचा, नोकरीला जिनिव्हाच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत. रजेवर अमेरिकेत असताना त्याने सहा पानांचा एक लेख लिहिला आणि तो 'फिजिक्स' नावाच्या एका अल्पायुषी नियतकालिकात छापून आला. पुढे 1969 साली क्लाउझर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट या चौघांनी बेलच्या युक्तिवादाला प्रयोगशाळेत नेता येईल असं रूप दिलं.

त्या रूपाचा आजकाल खेळ करून सांगतात. आशा आणि बाळू दोन वेगळ्या खोल्यांत बसले आहेत, मध्ये निरोप जाण्याची सोय नाही. परीक्षक प्रत्येकाला एक चिठ्ठी देतो, तिच्यावर 0 किंवा 1 लिहिलेलं. चिठ्ठी बघून 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. दोघांनाही 1 आला असेल तर उत्तरं वेगवेगळी यायला हवीत, बाकी तिन्ही प्रसंगी सारखी. खोलीत जाण्याआधी हवं तेवढं संगनमत करा, आत गेल्यावर मात्र दुसऱ्याला काय आलं ते कळणार नाही. थोडा वेळ कागदावर खटपट केली की ध्यानात येतं, दोघांनी डोळे मिटून कायम 'हो' म्हटलं तरी चारांपैकी तीन प्रसंग जिंकता येतात, आणि यापेक्षा चांगली कुठलीही योजना अस्तित्वात नाही. 75 टक्के ही कमाल. बेलची मर्यादा ती हीच. दोघांनी गुंतलेल्या कणांची एकेक जोडी वाटून घेतली आणि चिठ्ठीप्रमाणे आपापल्या कणावर मापन केलं, तर पुंजभौतिकी सांगते की 85.4 टक्क्यांपर्यंत जाता येतं. डेल्फ्टचे 80 टक्के या दोन आकड्यांच्या मधले.

आता यात आशाला गप्प बसायची परवानगी द्या. घसा बसलाय, ऐकू आलं नाही, काहीही कारण. परीक्षकही भला माणूस आहे. जिथे कुणी एक गप्प राहिला ती फेरी तो धरतच नाही, फक्त दोघं बोलले त्या फेऱ्यांचे गुण मोजतो.

आशा आणि बाळू आदल्या रात्री ठरवून ठेवतात: पहिल्या फेरीत आशा 1 आला तरच बोलेल, दुसरीत 0 आला तरच, तिसरीत पुन्हा 0... अशी लांबलचक यादी. दोघांनाही पाठ. आता बाळूला आशाची चिठ्ठी बघायची गरजच उरत नाही. आशा बोलली असेल तर तिला काय आलं होतं हे त्याला यादीवरून ठाऊक आहे, आणि ती बोलली नसेल तर फेरी बादच होणार आहे. आशा बोलताना नेहमी 'हो' म्हणते. बाळू यादीत आशाचा 1 आणि हातात स्वतःचा 1 असेल तेव्हा 'नाही' म्हणतो, एरवी 'हो'. मोजलेल्या फेऱ्यांपैकी शंभर टक्के जिंकल्या! पुंजभौतिकीलाही 85.4च्या वर जाता येत नाही. इथे ना क्वांटम, ना गुंतागुंत, निव्वळ सोयीचं मौन.

परीक्षकाला संशय येईल. बाळूचा घसा ठणठणीत आणि आशाचाच कसा निम्म्या वेळा बसतो? तर त्यावरही तोड आहे, आणि ती मला फार देखणी वाटते. सरासरी नऊ फेऱ्या घ्या. चारांत आशा वरच्यासारखी निवडून बोलते आणि बाळू नेहमी बोलतो. चारांत भूमिका उलट. उरलेल्या एका फेरीत दोघंही तोंड उघडत नाहीत. कुठल्या फेरीत काय, हे चिठ्ठ्या टाकून आधी ठरवलेलं. आता हिशेब करा. प्रत्येक जण दोन तृतीयांश वेळा बोलतो. दोघं मिळून बोलतात ते नवांपैकी चार वेळा, आणि दोन तृतीयांशांचा वर्ग नेमका तेवढाच. दोघंही गप्प नवांपैकी एकदा, म्हणजे एक तृतीयांशाचा वर्ग. परीक्षकाने नोंदवही कितीही चाळली तरी दोघांचे घसे एकमेकांशी काही संबंध नसताना आपापले बसतायत असंच दिसेल. संगनमताचा माग मौनात कुठेच सापडणार नाही. दोन तृतीयांश, 66.7 टक्के, हा आकडा ध्यानात ठेवा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

ही चलाखी कण करू शकतात का, हा विचार पहिल्यांदा नीट मांडला तो हॅमिल्टन कॉलेजातल्या फिलिप पर्लने, 1970 साली. साल पुन्हा बघा. बेलच्या मर्यादेची प्रयोगशाळेतली पहिली चाचणी झाली 1972 साली. खटला उभा राहण्याआधीच बचावाचा मुद्दा तयार होता. पर्लचं म्हणणं असं: कणाकडे दोन नव्हे, तीन उत्तरं असू शकतात. हो, नाही, आणि 'मी सापडणारच नाही'. कुठल्या मापनापुढे सापडायचं आणि कुठल्यापुढे नाही हे त्याने आतल्या एखाद्या छुप्या यादीवरून ठरवलं, तर उरलेली आकडेवारी हुबेहूब पुंजभौतिकीसारखी दिसू शकते.

1972चा प्रयोग बर्कलेचा. जॉन क्लाउझर आणि संशोधक विद्यार्थी स्टुअर्ट फ्रीडमन. कॅल्शियमची वाफ, तिच्यातल्या अणूंना उत्तेजित करायचं, आणि खाली येताना अणू लागोपाठ दोन फोटॉन सोडतो ते दोन बाजूंना पकडायचे. एकूण दोनशे तासांच्या घरात मोजणी. क्लाउझरला मनातून पुंजभौतिकी हरावी असं वाटत होतं, हे त्याने स्वतःच पुढे अनेकदा सांगितलं आहे. जिंकली पुंजभौतिकी. पण अणू काही फोटॉन नेम धरून सोडत नाही. ते कुठल्याही दिशेला जातात, आणि एक सापडला म्हणून दुसरा समोरच्याच दिशेला सापडेल असंही नाही, कारण मागे उरलेला अणू त्या दोघांचा धक्का आपल्यात रिचवतो. भिंगात शिरतात ते थोडे, त्यांतले काही गाळण्यांत मरतात, काही काचेवरून परततात, आणि जे तग धरून फोटॉन मोजणाऱ्या फोटोमल्टिप्लायर नळीपर्यंत पोचतात त्यांतल्याही बहुतेकांची दखल ती नळी घेत नाही. सगळी गळती धरली तर जोडीतले दोन्ही फोटॉन मोजले जाण्याचा योग दुर्मीळ. मग गृहीत धरावं लागतं की जे सापडले ते न सापडलेल्यांचे प्रामाणिक प्रतिनिधी आहेत. निःपक्ष नमुना. वाक्य निरुपद्रवी दिसतं, पण सगळी इमारत त्याच्यावर उभी होती. क्लाउझर आणि हॉर्न या दोघांनाच ते इतकं बोचलं की 1974 साली त्यांनी थोडं सौम्य गृहीतक आणि डिटेक्टरच्या निव्वळ टिकटिकींच्या मोजणीवर चालणारी नवी असमानता, म्हणजे बेलच्या मर्यादेचं नवं गणिती रूप, शोधली. पण तेव्हाची उपकरणं गृहीतकाशिवाय चालण्याच्या लायकीची नव्हती.

याच काळात हार्वर्डमध्ये एक गंमत घडली. चौघांतलाच रिचर्ड होल्ट आणि त्याचे मार्गदर्शक फ्रान्सिस पिपकिन यांनी पाऱ्याच्या अणूंवर असाच प्रयोग केला आणि त्यांचा निकाल उलटा आला. आइनस्टाइनच्या बाजूने! दोघांनी महिनोन् महिने चूक शोधली, पक्की सापडली नाही, आणि तो निकाल रीतसर छापलाच नाही, नुसता ओळखीच्यांत फिरवला. 1976 साली क्लाउझरने पारा घेऊनच प्रयोग पुन्हा केला, टेक्सासमध्ये फ्राय आणि थॉम्पसन यांनी लेझर वापरून केला. दोन्हीकडे पुंजभौतिकी. काचेतल्या ताणामुळे प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या लहरींच्या कंपनाची दिशा, बिघडलं असावं, असा होल्टच्या प्रयोगाबद्दलचा सर्वसाधारण कयास. मला या कथेत दुसरंच काही टोचतं. उलट निकालाची जितकी कसून तपासणी झाली, तितकी अपेक्षित निकालाच्या गृहीतकांची झाली असती का? बऱ्यापैकी झाली, हे कबूल करायला हवं. पण ती करणारी माणसं मोजकी होती आणि बाकीचे त्यांना थोडं विक्षिप्तच समजत.

1982 साली पॅरिसजवळच्या ऑर्सेत आलँ आस्पेने मोठी उडी मारली. फोटॉन वाटेत असतानाच मापनाची दिशा बदलायची, म्हणजे एका बाजूची खबर दुसरीकडे पोचायला वेळच उरू नये. हा दुसऱ्या पळवाटेचा बंदोबस्त, खोल्यांमधल्या भिंतीचा. तो बराचसा साधला. गळती मात्र तशीच. मार्शल, सांतोस, सेलेरी अशी मंडळी वर्षानुवर्षं लिहीत राहिली की तुम्ही काहीही सिद्ध केलेलं नाही, निवडक बोलणाऱ्या कणांनी हे सगळं होऊ शकतं. तांत्रिकदृष्ट्या ते शंभर टक्के बरोबर होते. बेलला मात्र ते पटत नसे. सामान्य, गळक्या उपकरणांवर पुंजभौतिकी इतकी छान चालते आणि उपकरणं सुधारली की नेमकी तेव्हाच साफ कोसळेल, यावर विश्वास ठेवणं आपल्याला जड जातं, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं आहे. माझंही मत बेलच्याच बाजूचं आहे. निसर्गाने आपल्याला फसवण्यासाठी यादी पाठ केली असेल ही कल्पना मला पचत नाही. पण 'पचत नाही' हे भौतिकीतलं मापन नव्हे, आणि बेलला स्वतःलाही हे कळत होतं.

मग किती टक्के फोटॉन पकडले म्हणजे गृहीतकाची गरज संपते? 1987 साली अनुपम गर्ग आणि डेव्हिड मर्मिन यांनी उत्तर काढलं: 82.8 टक्के. गणित सोपं आहे. फेरी बाद करायची नाही. डिटेक्टर गप्प राहिला तर त्याच्या वतीने एक ठरलेलं उत्तर लिहायचं, समजा 'हो', आणि गुण मोजायचे. मौनाचा फायदा आपोआप संपतो, पण खऱ्या गुंतलेल्या जोड्यांचे गुणही घटतात. पकड 82.8 टक्क्यांच्या वर असेल तरच घट सोसून मर्यादा ओलांडता येते. त्या काळात फोटॉनांची एवढी पकड म्हणजे स्वप्नच.

1993 साली बर्कलेच्या फिलिप एबरहार्डने दाखवलं की हा उंबरठा खाली आणता येतो, आणि त्यासाठी जोडी कमी गुंतलेली हवी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली. गुंतागुंत हीच तर पुंजभौतिकीची ताकद, मग ती कमी करून फायदा कसा? तर युक्ती अशी. फोटॉनांची अवस्था आणि मापनाच्या दिशा अशा निवडायच्या की बहुतेक वेळा डिटेक्टर वाजायचाच नाही. 'वाजला नाही' हेच नेहमीचं उत्तर, 'वाजला' हे विरळ. मग वाटेत हरवलेला फोटॉनही नेहमीच्याच उत्तरात जमा होतो आणि हिशेबाला फार धक्का लागत नाही. विरळ टिकटिकींच्या मेळातून मर्यादा अगदी किंचित ओलांडली जाते. किंचित, पण ओलांडली जाते. या वाटेने उंबरठा कुठवर खाली येतो? 66.7 टक्के. आशा-बाळूचा तोच आकडा, दुसऱ्या दिशेने येऊन भेटलेला. त्याच्या खाली दोन लबाड माणसं काहीही करून दाखवू शकतात, त्याच्या वर निसर्गाला लबाडीला जागा उरत नाही. दोन वेगळ्या वाटांनी निघालेले हिशेब एकाच अपूर्णांकावर येऊन थांबतात हे पाहून मला आजही आनंद होतो. बेल हे बघायला नव्हता. तो 1990 साली गेला.

फोटॉन सोडून आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, घेतले तर गळतीचा प्रश्न कधीच सुटला असता, आणि तसा तो सुटलाही. 2001 साली बोल्डरमध्ये डेव्हिड वाइनलँडच्या गटातल्या मेरी रो आणि सहकाऱ्यांनी बेरिलियमच्या दोन आयनांवर मर्यादा मोडली. सापळ्यातला आयन कुठे पळून जात नाही, दरवेळी उत्तर देतो. पण दोन आयन मिलिमीटरच्याही काही सहस्रांश भागाइतक्या अंतरावर. भिंत कसली, दोघं एकाच बाकावर. एक पळवाट बुजवावी तर दुसरी सताड उघडी, असं चौदा वर्षं चाललं.

फोटॉनांच्या बाजूने जे बदललं ते डिटेक्टर. टंगस्टनचा पातळ पापुद्रा, निरपेक्ष शून्याच्या वर एक दशांश केल्विनच्या आसपास थंड केलेला, अतिवाहकतेच्या, म्हणजे विजेचा रोध नाहीसा होण्याच्या, नेमक्या कडेवर ठेवलेला. एक फोटॉन शोषला गेला की तेवढ्या उष्णतेने त्याचा रोध बदलतो आणि ते जाणवतं. बोल्डरच्या अमेरिकी मानक संस्थेत हे डिटेक्टर 95 टक्क्यांपर्यंत नेले गेले. तरी प्रयोगाची एकूण पकड तेवढी होत नाही, कारण स्फटिकापासून तंतूपर्यंत प्रत्येक जोडावर थोडी थोडी गळती असतेच. 2013 साली व्हिएन्ना आणि इलिनॉय इथल्या दोन गटांनी फोटॉनांवर गळतीची पळवाट पहिल्यांदा बुजवली. भिंतीशिवाय.

दोन्ही एकदम जमलं ते 2015 साली, आणि जमलं तेही एकाच वर्षात तीन ठिकाणी. व्हिएन्नात मारिसा जुस्तिना आणि मंडळींनी होफबुर्ग राजवाड्याच्या तळघरात प्रयोग मांडला, एबरहार्डच्या पद्धतीने. एकूण पकड एका बाजूला 78.6 टक्के, दुसरीकडे 76.2. राजवाड्याखालच्या लांबच लांब बोळाच्या दोन टोकांना दोन डिटेक्टर, आणि ते आले होते बोल्डरहून. बोल्डरमध्येच क्रिस्टर शाल्मच्या गटाने 75 टक्क्यांच्या आसपास पकड ठेवून हेच केलं. दोन्हीकडे मर्यादा अगदी बारीक फरकाने ओलांडली गेली, पण सेकंदाला दहा लाखांच्या वेगाने चाललेल्या व्हिएन्नाच्या फेऱ्या तासाभरातच अब्जांत गेल्या, आणि त्या ढिगात नशिबाची शक्यता नाहीशी झाली.

डेल्फ्टची वाट निराळी. दोन हिऱ्यांतले दोन इलेक्ट्रॉन, मध्ये 1.3 किलोमीटर. प्रत्येक जण एक फोटॉन सोडतो, ते दोन्ही फोटॉन मधल्या एका तिसऱ्या ठिकाणी भेटतात, आणि तिथल्या डिटेक्टरांनी ठरलेल्या पद्धतीने साद दिली तरच समजायचं की दूरचे इलेक्ट्रॉन गुंतले. फेरी तेव्हाच सुरू झाली असं धरायचं. फोटॉन हरवले तर हरवले, फेरी सुरूच झालेली नाही! गळती प्रश्न विचारण्याच्या आधीच आटपते. आणि ही साद आशा-बाळूच्या चिठ्ठ्यांवर अवलंबून असू शकत नाही, कारण चिठ्ठ्यांची खबर तिथवर वेळेत पोचूच शकत नाही. ही कल्पनाही बेलचीच. त्याने ती कागदावर मांडून ठेवली होती. फेरी सुरू झाल्यावर मात्र उत्तर द्यावंच लागतं. इलेक्ट्रॉनवर लेझर मारायचा, 3.7 मायक्रोसेकंदांत एकही फोटॉन आला तर उत्तर 'हो', नाही आला तर 'नाही'. तिसरा पर्याय यंत्रात बसवलेलाच नाही. उत्तर वाचण्यात तीन-चार टक्के चुका होतात, त्या होऊ द्यायच्या, गुणांतून वजा होतील. किंमत म्हणून वेग गेला. 220 तासांत 245 फेऱ्या, ताशी एकीहून जरा जास्त. पुढच्या वर्षी त्यांनी आणखी 300 फेऱ्या केल्या, निकाल तसाच.

2022चं नोबेल क्लाउझर, आस्पे आणि इन्सब्रुक-व्हिएन्नाच्या प्रयोगांमागचे त्साइलिंगर यांना मिळालं तेव्हा बातम्यांत 'आइनस्टाइन चुकला' एवढंच गाजलं. गळतीबद्दल अवाक्षर नाही. अपेक्षाही नव्हती म्हणा. तुमच्या मनात कदाचित असेलच: बेलला आधीपासून जे वाटत होतं तेच शेवटी निघालं, मग एवढी उठाठेव कशाला? निसर्ग कट करत नाही हे सिद्ध करायला पंचेचाळीस वर्षं?

याचं उत्तर 2011 सालच्या एका प्रयोगात आहे, आणि त्यात निसर्गाऐवजी माणसं होती. गुंतलेल्या फोटॉनांवरून गुप्त किल्ली, म्हणजे संदेश कुलूपबंद करायचा आकड्यांचा क्रम, बनवता येते आणि बेलची चाचणीच तिची राखण करते, ही कल्पना आर्टर एकर्टने 1991 साली मांडली होती. मर्यादा मोडली गेली म्हणजे मधे कुणी कान लावलेला नाही, असा तो भरवसा. सिंगापूर आणि नॉर्वेतल्या संशोधकांनी, त्यांत इल्या गेरहार्ट आणि वादिम माकारोव्ह, नेहमीच्या वापरातल्या डिटेक्टरांवर झगझगीत प्रकाश सोडून त्यांना आंधळं केलं. असा आंधळा डिटेक्टर एकट्यादुकट्या फोटॉनला दाद देत नाही, ठरावीक ताकदीपेक्षा मोठा झोत आला तरच वाजतो. मग घुसखोराने ठरावीक ध्रुवीकरणाचे साधे, सामान्य प्रकाशाचे झोत पाठवले. समोरच्याने निवडलेली मापनदिशा झोताशी जुळली तर सगळा प्रकाश एकाच डिटेक्टरवर, टिकटिक. नाही जुळली तर प्रकाश दोन डिटेक्टरांत निम्मा निम्मा वाटला जातो, दोन्हीकडे कमी पडतो, शांतता. मर्यादा थाटात मोडली. गुंतलेला एकही फोटॉन नसताना! आशाची यादी, पर्लने 1970 साली कागदावर लिहिलेली, टेबलावर तंतोतंत चालवून दाखवलेली.

हे वाचल्यापासून निःपक्ष नमुन्याचं गृहीतक मला दोन वेगळ्या वाक्यांसारखं वाटतं. प्रयोगशाळेत एकटा निसर्ग समोर असताना ते समजूतदारपणाचं आहे. समोर माणूस असेल तर ते भाबडेपणाचं आहे. मार्शल-सांतोसना विक्षिप्त ठरवणारे बरोबर होते की नाही, हे समोर कोण बसलंय यावर ठरतं.

जाता जाता बंगळुरूचा उल्लेख करायलाच हवा. वर ज्या अनुपम गर्गांचा 82.8 टक्क्यांचा हिशेब आला, त्यांनी त्याआधी 1985 साली अँथनी लेगेट यांच्याबरोबर बेलच्या असमानतेची एक बहीण मांडली होती. दोन ठिकाणांऐवजी दोन वेळांमधल्या मापनांची. तिच्याही चाचण्यांना अशाच पळवाटा चिकटलेल्या. रामन संशोधन संस्थेत ऊर्बसी सिन्हांच्या प्रयोगशाळेने, कोलकात्याच्या दीपंकर होम यांच्या साथीने, एकेकट्या फोटॉनांवर ती चाचणी पळवाटा बुजवून केली आणि 2022 साली प्रसिद्ध केली. गळतीची पळवाटही त्यांत होती.

किल्ल्यांच्या बाजूला आता गणित असं उभं आहे. चांगल्या प्रतीच्या प्रकाशतंतूत दर किलोमीटरला 0.2 डेसिबल गळती होते. ऐकायला किरकोळ. पण दहा किलोमीटरला दोन डेसिबल, म्हणजे शंभरातले 63 फोटॉन शिल्लक, आणि 63 हा आकडा 66.7च्या खाली आहे. डिटेक्टर परिपूर्ण असले, एकही जोड गळका नसला, तरी जोडीतले दोन्ही फोटॉन प्रत्येकी एवढ्या लांबीच्या तंतूतून सरळ पाठवून बेलची चाचणी प्रामाणिकपणे जिंकता येत नाही. म्हणून सगळे पुन्हा डेल्फ्टच्या वाटेकडे वळले: आधी साद, मग फेरी. 2022 साली ऑक्सफर्डच्या गटाने दोन आयन घेऊन, यंत्रांवर अजिबात भरवसा न ठेवता, आठेक तासांत 95,628 बिटांची किल्ली बनवली. आयनांमधलं अंतर साधारण दोन मीटर. त्याच वर्षी म्युनिकमध्ये रुबिडियमच्या अणूंनी 400 मीटर गाठले. तिथे 75 तासांत 3,342 फेऱ्या झाल्या, सुमारे ऐंशी सेकंदांना एक. किल्ली बनू शकते हे दाखवायला त्या पुरल्या. प्रत्यक्ष वापरता येईल अशी किल्ली काढायला पुरल्या नाहीत.